छोट्या पाकिटातला सुकामेवा: आधी मागची बाजू बघ

अगं, ऑफिसात चार वाजता शेव-परमलऐवजी (म्हणजे शेव-कुरमुऱ्यांऐवजी) सुकामेवा खायचं ठरवलंस, छान. फक्त पहिल्याच दिवशी दहा प्रकार गोळा करू नकोस.

पाकीट घेतलंस की उलटं कर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर किंवा तेल पहिल्या तिनात आलं तर सरळ परत ठेव. क्रॅनबेरी मुळात इतकी आंबट, की वाळवताना बहुतेक वेळा साखर घालतातच. नवे लोक "फळच तर आहे" म्हणत हमखास तिथे फसतात. सोनेरी बेदाणे आणि केशरी जर्दाळूवर "आयएनएस २२०" दिसेल. ते रंग टिकवणारं सल्फर डायऑक्साइड. दमा असेल तर नकोच.

आणखी दोन चुका:

- "छोटं" पाकीट कधी ५० ग्रॅमचं निघतं. एका वेळी २५-३० ग्रॅम, मूठभर पुरे. ३० ग्रॅम बदामांतच साधारण १७५ कॅलरी असतात.
- खारवलेले काजू. एकदा फोडले की हात थांबत नाही, माझा तरी नाही.

मागे मे महिन्यात मी किलोभर अक्रोड ओट्यावरच्या डब्यात ठेवले. इंदूरचा उन्हाळा तुला माहीतच आहे, सगळे खवट! आता फ्रिजमध्येच ठेवते.

महिनाभराने आवड कळली की सियागंजच्या घाऊक बाजारातून पाव-पाव किलो आणून डब्या स्वतःच भर, स्वस्त पडतं. अक्रोड मात्र घेण्याआधी एक चावून बघ.