मामेभाऊ उलटा केला की आतेभाऊ, मग साडू उलटा केला की काय?

प्रश्न असा आलाय: "तो माझा मामेभाऊ, मग मीही त्याचा मामेभाऊच ना? चुलतभाऊ तर दोन्हीकडून चुलतच असतात."

नाही हो, तुम्ही त्याचे आतेभाऊ. त्याच्या बाजूने बघा, तुमची आई म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण, म्हणजे त्याची आत्या. चुलत आणि मावस दोन्हीकडून तेच राहतात कारण तिथे मधली जोडी भाऊ-भाऊ किंवा बहीण-बहीण असते, आते-मामेमध्ये ती बहीण-भाऊ असते, त्यामुळे तुम्ही कुठल्या टोकाकडून मोजायला लागता त्यावर नाव बदलतं. जाऊ जावेची जाऊच, पण नणंदेची भावजय. साडूचा साडूच, व्याह्याचा व्याहीच.

पण खरी गंमत पुढे आहे. नाव बदललं म्हणजे नातं बदललं का? बर्ट्रांड रसेल ह्या तत्त्वज्ञाने १९०३ साली म्हटलं होतं की संबंधाला स्वतःचीच दिशा असते, म्हणजे उलटा संबंध हा वेगळा संबंध. किट फाइन ह्या दुसऱ्या तत्त्वज्ञाने २००० साली ह्याला आक्षेप घेतला. मांजर चटईवर आहे म्हणा नाहीतर चटई मांजराखाली आहे म्हणा, जगात गोष्ट एकच आहे, मग तिच्यात 'वर' आणि 'खाली' असे दोन संबंध कशाला कोंबायचे? मला हे पटतं. दिशा आपल्या बोलण्यात येते, मराठीत तर ती सरळ 'चा'मध्ये दिसते, 'माझा' म्हटलं की मोजणी माझ्यापासून सुरू.

बरं मग दिशा नाही तर नुसत्या जागा आहेत म्हणूया, एक आत्याच्या मुलाची, एक मामाच्या मुलाची, कोण कुठे बसला ते सांगितलं की झालं. आते-मामेला हे चालतं. पण साडूला? तिथे पण दोन जागा मानल्या तर दोघांनी जागा बदलल्यावर वेगळी परिस्थिती व्हायला हवी, आणि होत तर काहीच नाही! फाइनची अडचण हीच होती (उदाहरण साडूचं नव्हतं अर्थात, ते माझं), म्हणून त्याने जागाच काढून टाकल्या आणि म्हणाला की हे दोघं जसे जोडलेत तसेच ते दोघं, एवढी तुलना पुरे. इथे मात्र मला जरा हातचं राखल्यासारखं वाटतं.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, संबंधाची दोन टोकं वेगळी सांगायला शब्दच करून ठेवलेत. जमिनीवर घडा आहे, तर त्या संयोगाचा घडा प्रतियोगी आणि जमीन अनुयोगी. संयोग दोघांत सारखाच, तरी कोण कोणावर हे ह्या दोन शब्दांनी ठरतं. (हिंदीतल्या स्पर्धकवाल्या प्रतियोगीशी गल्लत नको.)

आणि हा निव्वळ शब्दांचा खेळ नाही बरं का. 'कझिन' म्हटलं की सगळं सपाट होतं, पण महाराष्ट्रात बऱ्याच समाजांत मुलाने मामाच्या मुलीशी लग्न केलेलं चालतं, आत्याच्या मुलीशी नाही, इरावती कर्व्यांनीही हे नोंदवलंय. तिथे लग्नाआधी तो तिला मामेबहीण म्हणणार आणि ती त्याला आतेभाऊ. उलटं ऐकू आलं तर घरचे आधी नाही म्हणतील, मग विचार करतील.