डेटाबेस टूलमध्ये कॉलमचा डेटा टाइप बरोबर दिसतो का, याच्या ऑटोमेटेड टेस्ट कशा लिहाव्यात?

तुमचं टूल पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतं, कॉलमचा टाइप अधूनमधून चुकीचा दिसतो आणि स्क्रीनशॉट ताडणाऱ्या टेस्ट सारख्या फुटतात, असं तुम्ही लिहिलंय. स्क्रीनशॉट आधी बाजूला ठेवा. फॉन्ट बदलला की फुटणाऱ्या टेस्टकडे टीममध्ये कुणी लक्ष देईनासं होतं. शिवाय असा दोष बहुधा पडद्यावर नसतोच, कॅटलॉगमधल्या (डेटाबेस टेबलं-कॉलमची माहिती ठेवतो त्या तक्त्यांमधल्या) आकड्यांचा मजकूर बनतो तिथे असतो.

पोस्टग्रेस प्रत्येक कॉलमसाठी टाइपचा ओआयडी (ओळख क्रमांक) आणि टाइप मॉडिफायर (लांबी, अचूकता असे तपशील सांगणारा आकडा) ठेवतं. व्हारचार(40) चा मॉडिफायर 44 असतो, म्हणजे लांबी अधिक 4. न्यूमेरिक(10,2) चा 655366: दहा गुणिले 65536, अधिक 2, अधिक 4. बरीच टूलं ही फोड स्वतःच्या कोडमध्ये करतात आणि तिथेच फसतात. आवृत्ती 15 पासून न्यूमेरिकचं स्केल (दशांश चिन्हानंतरच्या अंकांची संख्या) ऋण असू शकतं. जुन्या पद्धतीने खालचे 16 बिट उचलणारा कोड न्यूमेरिक(5,-2) मध्ये उणे दोनच्या जागी 2046 दाखवतो. म्हणून फोड स्वतः करू नका, पोस्टग्रेसचं फॉरमॅट_टाइप हे फंक्शन वापरा. पोस्टग्रेसचं कमांड-लाइन टूल पीएसक्यूएलसुद्धा तेच वापरतं.

आता टेस्ट. सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती ही: टूलने दाखवलेला मजकूर जसाच्या तसा उचला, त्याने नव्या टेबलात कॉलम बनवा आणि दोन्ही कॉलमचे ओआयडी आणि मॉडिफायर ताडून पाहा. टाइमस्टॅम्प(3) विथ टाइम झोनमधला आकडा चुकून शेवटी गेला, तर पोस्टग्रेस लगेच सिंटॅक्स एरर देतं. दुहेरी अवतरणातला "चार" (char) हा एका बाइटचा अंतर्गत टाइप आहे. अवतरण गळलं तरी टेबल बिनबोभाट बनतं, पण कॉलम कॅरेक्टर(1) होतो आणि ओआयडी जुळत नाही. नुसत्या डोळ्यांना हा फरक सापडणं अवघड.

इंटिजरच्या जागी इंट4 दिसलं तर मात्र ही टेस्ट गप्प बसते, कारण दोन्ही नावं चालतात. त्यासाठी अपेक्षित मजकुराचा छोटा तक्ता ठेवा, आणि तो हाताने लिहा. टूलच्याच मॅपिंगमधून तो तयार केलात तर चूक दोन्हीकडे सारखीच येईल आणि टेस्ट हिरवी राहील. फ्लोट(24) चं रिअल होतं, फ्लोट(25) चं डबल प्रिसिजन, त्या दोन्ही ओळी तक्त्यात हव्यातच. इंटिजर[3][3] फक्त इंटिजर[] असं दिसतं. ते बरोबरच आहे, पण कुणीतरी नक्की बग म्हणून नोंदवेल, तेव्हा तेही टेस्टमध्ये लिहून ठेवा.

हे सगळं खऱ्या पोस्टग्रेसवर, तुम्ही सपोर्ट करता त्या प्रत्येक आवृत्तीच्या कंटेनरमध्ये चालवा. मॉक (खऱ्या डेटाबेसच्या जागी नकली) वापरलात तर तुमचाच समज तुम्हाला परत मिळतो. सर्च_पाथही (पोस्टग्रेस नावं ज्या स्कीमांमध्ये, म्हणजे टेबलं आणि टाइप ठेवायच्या कप्प्यांमध्ये, शोधतं त्यांची यादी) टेस्टच्या सुरुवातीलाच ठरवून टाका. स्कीमा त्या पाथमध्ये नसेल तर तुमच्या स्वतःच्या टाइपचं नाव स्कीमासकट येतं, आणि तीच टेस्ट तुमच्या मशीनवर पास, सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) फेल होते.

यूआयसाठी एकच टेस्ट पुरे: सर्वांत लांब नावाचा टाइप घ्या आणि ग्रिडच्या सेलमध्ये तो अख्खा मजकूर पोचतो का, तेवढं तपासा.