नातवाची कावीळ आणि ट्रंकेतली दुपटी

प्रश्न : सुनेला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं पडलं, दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. रिपोर्टात ‘जी-सिक्स-पीडी कमी’ आलं. हे आईकडून येतं असं कळल्यापासून घरात सुनेला बोलणी बसताहेत. माझ्या मुलाचं रक्त तपासावं का? माझी लेकही गरोदर आहे. तिच्या बाळाला धोका आहे का?
— एक आजी, चिपळूण

उत्तर : आजी, आधी ती बोलणी थांबवा. माझ्या धाकट्या भावाला हेच आहे, आणि ‘तुझ्या माहेरचं दुखणं’ हे आमच्या आईने जन्मभर ऐकलंय. बालरोगतज्ज्ञ झाल्यावरही मला ते विसरता येत नाही.

जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशींना शाबूत ठेवणारं एन्झाइम. त्याचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, आणि बाप मुलाला एक्स देतच नाही, वाय देतो. म्हणून या बाळासाठी तुमच्या मुलाचं रक्त तपासून काही कळणार नाही. सुनेकडे दोन एक्स आहेत, त्यांतल्या बहुधा एकातच फरक असेल. तसं असेल तर पुढच्या प्रत्येक मुलाला हा त्रास होण्याची शक्यता निम्मी, मुलगी झाली तर ती वाहक, म्हणजे हा एक्स पुढे नेणारी, असण्याचीही निम्मी. हा नातू उद्या बाप झाला की त्याच्या सगळ्या मुलींकडे हा एक्स जाईल, मुलांकडे मुळीच नाही. तुमच्या लेकीचा सुनेच्या एक्सशी संबंधच नाही. तपासायचं ते सुनेला आणि तिच्या भावांना. वाहक बाईतही एन्झाइम कधी कधी बरंच कमी भरतं.

आणि फरक तरी केवढा? भारतात आढळणाऱ्या एका प्रकाराचं नाव ‘केरळ-कल्याण’. हो, आपलंच कल्याण. त्यात जनुकाच्या ९४९व्या जागी ‘जी’ऐवजी ‘ए’ हे अक्षर असतं, बस्स.

भाऊ तीन महिन्यांचा असताना आजीने ट्रंकेतली दुपटी काढली आणि न धुताच त्याला गुंडाळलं. डांबरगोळ्यांचा तो उग्र वास मला अजून आठवतो. दोन दिवसांनी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली, रक्त चढवावं लागलं. नॅफ्थलीन अंगात गेलं की या पेशी फुटतात. तेव्हा त्या गोळ्या आजच घराबाहेर काढा. मलेरियावरचं प्रायमाक्विन किंवा कुष्ठरोगावरचं डॅप्सोन कुणी लिहून दिलं, तर डॉक्टरांना आधी हा रिपोर्ट दाखवा. पथ्याच्या यादीतला ‘फावा’ म्हणजे बाकला; आपले कडवे वाल नव्हेत, ते नातवाला पुढे खुशाल खाऊ द्या.

एक राहिलं. पेशी फुटल्यावर लगेच केलेली चाचणी फसवू शकते, कारण म्हाताऱ्या पेशी आधी फुटून जातात आणि उरलेल्या तरुण पेशींत एन्झाइम जास्त असतं. भावाची पहिली चाचणी अशीच नॉर्मल आली होती. तीन महिन्यांनी पुन्हा केली तेव्हा उलगडा झाला. सुनेच्या भावांपैकी कुणाला असा झटका नुकताच येऊन गेला असेल, तर तेवढं थांबूनच तपासा. आणि बाळाच्या रिपोर्टाची झेरॉक्स लसीकरणाच्या कार्डाला टाचून ठेवा.