ऑन्टॅरिओत इलेक्ट्रिशियनचं लायसन्स: निघण्याआधी पत्रं गोळा करा

तुमचा प्रश्न असा: आयटीआय वीजतंत्री, चाकणच्या कारखान्यात सहा वर्षं मेंटेनन्स, आता बायकोच्या शिक्षणामुळे कॅनडात, ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला येताय, तर इथं लायसन्ससाठी पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी लागेल का? आणि हत्यारं आणू का?

पहिलीपासून नाही. पण मी बारा वर्षांपूर्वी कागद न घेता आलो आणि जवळजवळ पहिलीतच बसलो, म्हणून जरा लांबण लावतो.

घर, दुकान, बांधकाम यांचं वायरिंग करायला इथं ३०९-ए, म्हणजे बांधकाम आणि मेंटेनन्स इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र लागतंच. ते नसेल तर नोंदणी केलेला अप्रेंटिस तरी असायला हवं. अप्रेंटिसशिप ९००० तासांची, १८०० तासांचे पाच टप्पे. त्यातले ८४० तास कॉलेजात, तीन खेपांत: ८, १० आणि १० आठवडे. बाकी साइटवर.

तुमच्यासाठी दुसरं दार आहे, ट्रेड इक्विव्हॅलन्सी असेसमेंट. स्किल्ड ट्रेड्स ऑन्टॅरिओ ही संस्था तुमचं भारतातलं काम कागदांवरून तपासते आणि पटलं तर थेट परीक्षेला बसू देते. आठवड्याला ४८ तास धरले तर सहा वर्षांत तुमचे तास आरामात भरतात. घोडं अडतं ते कामाच्या प्रकारावर. कारखान्यात आपण मोटर, स्टार्टर, पॅनल बघतो. ३०९-एच्या यादीत घरगुती वायरिंग, वायरींचं पाइपिंग, सर्व्हिस (बाहेरून इमारतीत येणारी वीजजोडणी), फायर अलार्म हेही असतं. शेडचं, ऑफिसचं, कॉलनीचं वायरिंग केलं असेल तर ते पत्रात यायलाच हवं. ‘यांचे काम समाधानकारक होते’ छाप दोन ओळींना इथं कोणी विचारत नाही. लेटरहेड, तारखा, आठवड्याचे तास, कामांची सविस्तर यादी, सही करणाऱ्याचा फोन, सगळं हवं. माझ्या जुन्या ठेकेदाराच्या मागे मी इथून सहा महिने लागलो होतो. शेवटी भाऊ त्याच्या दारात जाऊन बसला तेव्हा पत्र निघालं.

निव्वळ कारखान्याचाच अनुभव असेल तर ४४२-ए, म्हणजे इंडस्ट्रियल इलेक्ट्रिशियन, तुमच्या जास्त जवळचं आहे. ते प्रमाणपत्र सक्तीचं नाही, त्यामुळे प्लांटमध्ये आधी नोकरी धरून मागाहून परीक्षा देता येते. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. मात्र त्यावर लोकांच्या घरांचं वायरिंग करता येत नाही.

आता हाताच्या सवयीचं. पहिल्याच आठवड्यात एका बेसमेंटमध्ये स्विचचा डबा उघडला. समोर काळी वायर. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल, हात निर्धास्त पुढे गेला. सोबतच्या जर्नीमननं, म्हणजे प्रमाणपत्र असलेल्या कारागिरानं, मनगट धरलं, एक शब्द न बोलता खिशातला टेस्टर काळीजवळ नेला आणि तो टीं टीं करत लाल झाला. इथं काळी गरम (म्हणजे वीज वाहणारी, लाइव्ह), पांढरी न्यूट्रल, उघडं तांबं अर्थिंग. घरात १२० आणि २४० दोन्ही व्होल्ट: दोन गरम वायरी येतात, पण त्या दोन फेज नव्हेत, एकाच फेजचे दोन अर्धे. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगच्या मधून न्यूट्रल काढलेला असतो. हे डोक्यात बसायला मला महिना लागला.

परीक्षेत पर्यायी उत्तरांचे १०० प्रश्न, चार तास, पास व्हायला ७० टक्के. मी पहिल्यांदा ६४ वर आपटलो. थिअरी कच्ची नव्हती, कोडबुकात, म्हणजे वायरिंगच्या नियमांच्या पुस्तकात, शोधाशोध करण्यातच वेळ गेला. घराच्या लोडचं गणित नियम ८-२०० मध्ये, तांब्याच्या वायरची क्षमता टेबल २ मध्ये, अशी पानं बोटांना पाठ हवीत. पुढच्या खेपेला रोज रात्री वीस प्रश्न घड्याळ लावून सोडवले आणि पास झालो. प्रमाणपत्रावर रेड सील हा देशभरचा शिक्का मिळाला की दुसऱ्या प्रांतातही ते चालतं.

एक गफलत आपली मंडळी हमखास करतात. ३०९-ए हातात आलं म्हणून शनिवार-रविवारी ओळखीच्यांच्या घरी पैसे घेऊन कामं करता येत नाहीत. त्याला ठेकेदाराचं वेगळं लायसन्स लागतं, त्यासाठी मास्टर इलेक्ट्रिशियन (वेगळी परीक्षा पास झालेला) लागतो, आणि ती परीक्षा द्यायला प्रमाणपत्रानंतर तीन वर्षांचा अनुभव.

हत्यारांपैकी हाताला बसलेली पक्कड तेवढी आणा. स्क्रू ड्रायव्हर इथंच घ्या, इथल्या निम्म्या स्क्रूंची खाच चौकोनी असते.