क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या जागा बघायला आम्ही दोघं एका आठवड्यासाठी जातोय, लंडनच करावं की स्वित्झर्लंडमधलं मॉन्ट्रोपण?

तुम्ही लिहिलंय की दोघंही क्वीनचे फॅन आहात, लग्नाला १० वर्षं होतायत, हातात एक आठवडा आहे आणि स्वित्झर्लंडसाठी वेगळा खर्च करावा की नाही कळत नाहीये. माझं ऐकाल तर लंडनचे दिवस कमी करा पण मॉन्ट्रो सोडू नका. फक्त यूकेचा व्हिसा वेगळा आणि स्वित्झर्लंडसाठी शेंगेन वेगळा लागतो, त्यामुळे आत्तापासूनच लागा त्याच्या मागे.

आम्ही दोघं गेलो होतो सप्टेंबरमध्ये. नवरा क्वीनच्या गिटारवाल्या ब्रायन मेवाला, मी गायक फ्रेडी मर्क्युरीवाली, हे लग्नाआधीपासूनच ठरलेलं. आणि आमची ट्रिप खरं तर लंडनला सुरू झालीच नाही, ती सुरू झाली पाचगणीला, कारण माझं माहेर वाईचं, पसरणी घाट चढून वर गेलं की पाचगणी, आणि तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फ्रेडी, म्हणजे झांझिबारहून आलेला फरोख बलसारा, आठ वर्षांचा असताना बोर्डिंगला आला हे मला कॉलेजला जाईपर्यंत माहीतच नव्हतं! १९५८ मध्ये तिथल्याच मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, त्यात हा पियानोवर. फ्रेडी हे नावसुद्धा शाळेतच पडलं. शाळा चालू असते, मुलं राहतात तिथे, त्यामुळे आत घुसायला जाऊ नका, आम्ही गेटपाशी पाच मिनिटं उभे राहिलो आणि आलो. पण तुम्ही महाराष्ट्रात असाल तर निघायच्या आधी एक चक्कर मारा, कारण आई-बापापासून समुद्रापलीकडे राहणारं एवढंसं पोर डोळ्यासमोर आलं की पुढच्या सगळ्या जागा वेगळ्या दिसतात.

लंडनमध्ये मी सगळ्यात वर फेल्टम ठेवेन. बहुतेक लोक हे गाळतात. वॉटर्लूहून ट्रेनने अर्धा-पाऊण तास, हीथ्रोजवळचं साधं उपनगर. १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब सगळं सोडून इंग्लंडला आलं, तेव्हा त्यांनी घेतलेलं घर म्हणजे २२ ग्लॅडस्टोन अव्हेन्यू. छोटंसं घर, दारावर इंग्लिश हेरिटेजची निळी गोल पाटी, २०१६ ला लावलेली. घर खासगी आहे, समोरच्या फूटपाथवरून बघायचं, फोटो काढायचा आणि निघायचं, बेल वाजवू नका प्लीज. आणि तुमच्या दोघांत कोणी गिटारवालं असेल तर तेही ऐका, ब्रायन मे पण फेल्टममध्येच वाढला, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, आणि तरी तेव्हा दोघांची ओळख नव्हती, ती पुढे फ्रेडी ईलिंगच्या आर्ट कॉलेजात गेल्यावर तिथल्या मित्रामुळे झाली. ब्रायनने १९६३ पासून वडिलांबरोबर घरीच त्याची ती प्रसिद्ध रेड स्पेशल गिटार बनवली, फायरप्लेसच्या जुन्या लाकडाचा दांडा, मोटारसायकलच्या स्प्रिंगा, आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. नवरा हे मला त्या गल्ल्यांमधून चालता चालता सांगत होता, मला ते आधीच माहीत होतं पण तिथे ऐकताना पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटलं.

मग फ्रेडीचं घर, केन्सिंग्टनचं गार्डन लॉज, १ लोगन प्लेस, अर्ल्स कोर्ट ट्यूब स्टेशनवरून चालत. इथेच २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला. उंच भिंत आहे, आतलं काही दिसत नाही, आणि घरातल्या वस्तूंचा २०२३ मध्ये सदबीजने लिलाव केला. पंधरा मिनिटं खूप झाली. फुलं न्यायची असतील तर न्या, मी नेली होती. वेम्ब्ली मात्र माझ्या मते सोडा, कारण १३ जुलै १९८५ ला लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या कॉन्सर्टमध्ये क्वीन ज्या स्टेडियममध्ये वाजवून गेले ते पाडलं, आत्ताचं २००७ चं आहे. फ्रेडी आणि क्वीनचा ड्रमर रॉजर टेलर यांचा कपड्यांचा स्टॉल होता ते केन्सिंग्टन मार्केटसुद्धा आता नाही. आमचा अर्धा दिवस वेम्ब्लीत गेला, तो फेल्टमला दिला असता तर बरं झालं असतं.

आता मॉन्ट्रो. जिनिव्हा एअरपोर्टवरून थेट ट्रेन, तासाभराचा रस्ता, आणि शेवटी शेवटी तर गाडी तळ्याच्या काठानेच जाते. तळ्याकडे तोंड करून, मूठ वर केलेला फ्रेडीचा ब्राँझचा पुतळा, जवळपास ३ मीटर उंच, १९९६ मध्ये बसवलेला. क्वीनच्या 'मेड इन हेवन' अल्बमच्या कव्हरवर आहे तोच. सकाळी सातच्या आत जा, नंतर फोटोवाल्यांची गर्दी होते. दर सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याच्या वाढदिवसाच्या आसपास तिथे फॅन्स जमतात, जमलं तर तारखा तशा घ्या, पण हॉटेल लवकर बुक करा.

आणि मॉन्ट्रोच्या कॅसिनोतला माउंटन स्टुडिओ, म्हणजे गाणी रेकॉर्ड करायची जागा. हा क्वीनने १९७९ मध्ये विकतच घेतला होता, १९८१ ला गायक डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर' गाणं इथलंच. आता तिथे छोटं म्युझियम आहे, आम्हाला तिकीट लागलं नाही, डोनेशन देता येतं, ते एड्ससाठी काम करणाऱ्या मर्क्युरी फीनिक्स ट्रस्टला जातं. मे १९९१ मध्ये फ्रेडीने इथे 'मदर लव्ह' गायलं, नीट उभंही राहवत नव्हतं तेव्हा, आणि शेवटचं कडवं नंतर करतो म्हणून थांबला ते परत आलाच नाही, म्हणून ते कडवं ब्रायनच्या आवाजात आहे. हे गाणं आम्ही घरी शंभर वेळा ऐकलंय, पण त्या खोलीत नवऱ्याने माझा हात धरला तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही, दोघंही काही बोललो नाही.

तिथून बाहेर पडलात की लगेच ट्रेन पकडू नका. काठाकाठाने शियों किल्ल्यापर्यंत फुलं लावलेला रस्ता आहे, रमतगमत पाऊण तास लागतो. त्यासाठी मॉन्ट्रोला किमान दोन रात्री ठेवा.