शुक्रवारी पैसे भरू नकोस

प्रिय बाळ,

तुझ्या आईने ते माहितीपत्रक माझ्याकडे पाठवलं. गुळगुळीत कागद, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली हसरी मुलगी आणि खाली ठळक अक्षरांत 'एका वर्षात नर्स बना, १०० टक्के नोकरी'. फी पंचेचाळीस हजार, पहिला हप्ता शुक्रवारपर्यंत. म्हणून बाकीची खुशाली विचारण्याआधी एवढं सांगते, शुक्रवारी पैसे भरू नकोस.

तू मला लहानपणापासून मावशी म्हणतेस. वॉर्डात मावशी म्हणजे वेगळीच बाई. बेडपॅन देणारी, लादी पुसणारी, पेशंटला व्हीलचेअरवरून एक्स-रेला नेणारी. पुरुष असला तर तो मामा. सरकारी कागदावर 'कक्षसेवक' असा शब्द आहे, पण त्या नावाने कुणी कुणाला हाक मारलेली मी ऐकली नाही.

जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेऊन मी नुकती सरकारी सिव्हिल हॉस्पिटलात लागले होते. पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, बेचाळीस पेशंट, रात्री मी आणि एक मावशी. पहाटे टीपीआर घ्यायचा, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास. ताप घेतला, नाडी बघितली. श्वास मोजायचा तर प्रत्येकाजवळ मिनिटभर उभं राहावं लागतं. तेवढा वेळ कुणाला आहे? मी सगळ्यांपुढे '२०' लिहून टाकलं. (कुठल्याही वॉर्डातले जुने चार्ट काढ, अख्खं गाव मिनिटाला वीस श्वास घेत असतं.) चार्ट मिटून चहाचा कप हातात घेतला, तर मावशी म्हणाल्या, "सिस्टर, अकरा नंबरचे आजोबा बघा जरा. रोज चादर सरळ करायला गेले की शिव्या घालतात. आज गप पडलेत."

गेले. ओठ निळसर. घड्याळ धरून मोजलं, छत्तीस. ऑक्सिजन लावला, पाठीमागे उशा देऊन बसवलं, डॉक्टरांना उठवलं. आजोबा वाचले आणि तिसऱ्या दिवशी मावशींना पुन्हा शिव्या घालायला लागले. त्यानंतर श्वास मोजल्याशिवाय मी आकडा कधी लिहिला नाही.

मी परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होऊन निवृत्त झाले. त्या मावशी लागल्या त्याच जागेवरून घरी गेल्या, तेही बरीच वर्षं रोजंदारीवर काढून. माझ्याहून जास्त पेशंट त्यांनी वाचवले असतील. पण माझी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होती, त्यांची नव्हती. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण हे तसं आहे, आणि तुझ्या हातातल्या त्या रंगीत कागदाचा सगळा प्रश्न इथेच आहे.

त्या संस्थेत फोन कर आणि एकच विचार: कोर्स संपल्यावर माझी नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होणार का, आणि कशी म्हणून? 'आमची संस्था सरकारमान्य आहे' असं उत्तर आलं तर फोन ठेव. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली भजनी मंडळंही असतात. नोंदणी होणार असं छातीठोकपणे सांगितलं, तरी भारतीय नर्सिंग परिषदेच्या आणि आपल्या राज्याच्या कौन्सिलच्या यादीत त्या संस्थेचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

पेशंट सांभाळायचे छोटे कोर्स वाईट नसतात, गैरसमज करून घेऊ नकोस. जनरल ड्यूटी असिस्टंटचा काही महिन्यांचा कोर्स करून मुली हॉस्पिटलात लागतात, घरोघरी म्हाताऱ्या माणसांची सेवा करतात, आणि ते काम कष्टाचं आणि मानाचं आहे. उद्यापासून घरात पैसा यायलाच हवा अशी वेळ असेल तर खुशाल कर. पण मग त्याला त्याच नावाने विकावं, त्याची फी पंचेचाळीस हजार नसावी, आणि तुला माहीत असावं की तिथून वर जायला जिना नाही. पुढे नर्स व्हायचं ठरवलंस तर पहिल्या वर्षापासून सुरुवात.

आता तुझं बघू. बारावी कला, अठ्ठावन्न टक्के, इंग्रजीत पास. बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं, वर सीईटी, त्यामुळे ते दार तूर्त बंद. पण जीएनएमला कुठलीही शाखा चालते. विज्ञानवाल्यांना झुकतं माप असतं, तरी चाळीस टक्के आणि इंग्रजीत उत्तीर्ण असलीस की अर्ज करता येतो. तीन वर्षं, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. एएनएम दोन वर्षांचं.

तुझ्या बाबांना दोन वर्षांचं बरं वाटतंय, स्वाभाविक आहे. एएनएम म्हणजे पुढे आरोग्यसेविका. पाच हजार लोकवस्तीचं उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात तीन हजारांचं. लसीकरण, गरोदर बायकांच्या तपासण्या, पावसात वाड्या-वस्त्या. गाव तुला ओळखतं, तू गावाला. ज्यांना हे आवडतं त्यांनी दुसरं काही करूच नये. तू मात्र आजी अ‍ॅडमिट असताना सलाइनचे थेंब मोजत बसायचीस, दर तासाला सिस्टरला प्रश्न विचारून भंडावायचीस. तू वॉर्डातली आहेस. माझं मत जीएनएम.

शिवाय जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. आज बंद असलेलं पदवीचं दार तिथून उघडतं. मग एम.एस्सी., शिकवायची आवड असेल तर पाठ्यनिर्देशिका. राज्य सरकारी अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, सातव्या वेतन आयोगातली सुरुवात ३५,४०० मूळ वेतनाची आहे. एम्समधल्या नर्सभरतीच्या नॉरसेट परीक्षेला जीएनएमवालीही बसते, पण पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो.

शिकून झाल्यापासून सरकारी नोकरी लागेपर्यंतची दोन-तीन वर्षं अवघड असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सला वीस हजारांच्या खाली पगार नको. आपल्या भागात बारा-तेरा हजारांवर राबणाऱ्या मुली मी आजही ओळखते. सरकारी नोकरीआधी मी एका खासगी हॉस्पिटलात होते. त्यांनी रुजू होताना माझी मूळ प्रमाणपत्रं 'तपासायला' म्हणून घेतली आणि सोडताना नऊ महिने अडकवून ठेवली. त्या नादात एक मुलाखत हुकली. तू साक्षांकित प्रत दे, मूळ कागद दाखव आणि परत पिशवीत घाल. आणि नोकरी सोडताना अनुभवाचं पत्र तारखांसकट घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस.

परदेशाचं तू विचारलं होतंस. आत्ता त्यावर डोकं घालू नकोस. जर्मनीला बी-टू पातळीची जर्मन लागते आणि तिथली मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम करावं लागतं. इंग्लंडला ओईटी किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, शिवाय नर्सिंगच्या त्यांच्या परीक्षा. गेलेल्या मुली सुखात आहेत, पण आधी इथे हात बसलेल्या आहेत.

हात बसणं म्हणजे इंजेक्शन नव्हे, ते महिन्याभरात जमतं. पाठ बघायला शीक. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, माकडहाडावर, टाचेवर, घोट्यावर लाली आलीय का ते बोटाने दाबून पाहायचं. दाबल्यावर पांढरी न होणारी लाली म्हणजे बेडसोरची सुरुवात. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्सेसनी, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना बेचाळीस वर्षं सांभाळलं. त्यातल्या पहिल्या सदतीस वर्षांत त्यांना एकही बेडसोर झाला नाही याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या निकालात घेतली. ते वाचून आमच्या ड्यूटीरूममध्ये कुणीच काही बोललं नव्हतं. दर दोन तास म्हणजे सदतीस वर्षांत किती, याचा हिशेब प्रत्येकीच्या डोक्यात चालू असावा.

प्रवेश मिळाला की क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष काम, लागायच्या आधी हिपॅटायटिस बीची लस सुरू कर. तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. वापरलेल्या सुईला टोपण लावू नकोस, कुणी कितीही म्हणो. टोचलीच, तर नळाखाली धू, आणि ओरडा बसेल म्हणून लपवू नकोस. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या पहिल्या दोन तासांत सुरू केलेल्या चांगल्या, बहात्तर तासांनंतर त्यांचा उपयोग नाही.

रविवारी दुपारी गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला घेऊन ये, फॉर्म मी समोर बसून भरून घेते. बाबांनाही आण, त्यांच्याशी तीन वर्षांच्या खर्चाचं बोलायचंय. बूट इतक्यात घेऊ नकोस. घेशील तेव्हा संध्याकाळी घे, आणि एक नंबर मोठे. नाइट ड्यूटीला पाय सुजतात.

तुझी,
शेजारची मावशी