वजन ९५ किलो, उंची १६० सेंमी, शुगर आहे. पुण्यात बॅरिॲट्रिक सर्जरी (वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया) केली तर मेडिक्लेम मिळेल का?

मिळू शकतो, पण नुसती शुगर असून भागणार नाही. औषधं घेऊनही ती आटोक्यात येत नाही, हे कागदावर दिसायला हवं. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३७ च्या आसपास येतो. आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) प्रमाणित कलमानुसार वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला आणि बीएमआय किमान ४० लागतो. बीएमआय ३५ किंवा त्याहून जास्त, पण ४० च्या आत असेल, तर लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणं) किंवा अनियंत्रित टाइप २ मधुमेह यांपैकी एक हवा; शिवाय साधे उपाय करूनही वजन उतरलं नाही, हेही दाखवावं लागतं. लोक नेमके इथेच अडकतात: सर्जनचं पत्र असतं, आधीच्या प्रयत्नांचा पुरावा नसतो. म्हणून आत्ताच फाइल लावा:

- एचबीए१सीचे (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या चाचणीचे) जुने-नवे रिपोर्ट
- आहारतज्ज्ञांकडच्या वजनाच्या नोंदी, तारखेसह
- फिजिशियनचं पत्र, चालू औषधांसकट

मात्र पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधी आधी तपासा. आधीपासूनच्या आजारासाठी तो ३ वर्षांपर्यंत असू शकतो, आणि तो संपला नसेल तर बाकी सगळं जुळूनही क्लेम नाकारला जाईल. ॲडमिट होण्याआधी हॉस्पिटलच्या टीपीए डेस्ककडून (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचं काम पाहणाऱ्या डेस्ककडून) कॅशलेसची पूर्वमंजुरी लेखी घ्या.